मणिभाई देसाई

मणिभाई भीमभाई देसाई (२७ एप्रिल, १९२० – १४ नोव्हेंबर, १९९३) हे गांधीवादी ग्रामविकास कार्यकर्ते, महाराष्ट्रातील संकरित गोपालनाचे एक प्रमुख संघटक आणि बायफ या संस्थेचे संस्थापक होते. जन्माने गुजराती असलेल्या मणिभाईंचे जवळपास सर्व कार्य पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन येथून झाले. शेतकऱ्याच्या दारात कृत्रिम रेतनाची सेवा पोहोचविण्याची जी पद्धत त्यांनी रुजविली, तिचा परिणाम पश्चिम महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायावर खोलवर झाला. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा याच पट्ट्यात येतो.

== बालपण व शिक्षण ==

मणिभाईंचा जन्म गुजरातेतील सुरत जिल्ह्यातील कोसमडा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. १९३० साली दांडीयात्रा सुरत जिल्ह्यातून गेली, त्या वेळी ते जवळपास दहा वर्षांचे होते. स्वातंत्र्यचळवळीचे वातावरण त्यांच्या घरादाराभोवती लहानपणापासूनच होते. पुढे त्यांनी भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळविली. १९४२च्या चले जाव आंदोलनात उतरल्यामुळे त्यांना कारावास घडला. सुटकेनंतर नोकरीचा मार्ग न धरता ते सेवाग्राम येथे महात्मा गांधींकडे गेले.

== उरुळी कांचन ==

पुण्यातील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राच्या आधारे गरिबांसाठी उपचार सुरू करावेत, असा गांधीजींचा विचार होता. शहरातील केंद्र खेड्यातील गरिबाच्या उपयोगी पडणार नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी पुणे–सोलापूर मार्गावरील उरुळी कांचन हे गाव निवडले. २२ मार्च, १९४६ रोजी ते तेथे आले व सुमारे आठवडाभर राहून त्यांनी रुग्ण तपासले. ग्रामस्थांनी जमीन दिली आणि निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. राजकीय वाटाघाटींसाठी गांधीजींना दिल्लीस जावे लागले, तेव्हा आश्रमाची जबाबदारी त्यांनी मणिभाईंसह काही सहकाऱ्यांवर सोपविली. विनोबा भावे यांचे बंधू बाळकोबा भावे हे त्यांपैकी एक होत. आयुष्यभर याच गावात राहून काम करण्याचे वचन मणिभाईंनी दिले. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षांचे होते.

आश्रमात काम करताना एक गोष्ट मणिभाईंच्या लक्षात आली. रुग्णांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ अपुऱ्या अन्नात होते आणि अपुऱ्या अन्नाचे मूळ कोरडवाहू शेतीत व न परवडणाऱ्या जनावरांत होते. त्यामुळे आश्रमाचे काम उपचारांपुरते राहिले नाही. शेती, फळबागा आणि गोशाळा अशी त्याला जोड मिळाली. गावात महात्मा गांधींच्या नावाने विद्यालय सुरू करण्यातही मणिभाईंचा पुढाकार होता. शेती व पशुसंवर्धनाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. ग्रंथांतून, तज्ज्ञांच्या भेटींतून आणि मुख्यतः गोठ्यातील रोजच्या कामातून त्यांनी हे ज्ञान मिळविले.

गोशाळेसाठी त्यांनी गुजरातेतील गीर जातीच्या गायी निवडल्या. निवड पद्धतीने पैदास, प्रत्येक गायीच्या दुधाची नोंद आणि वर्षभर हिरव्या चाऱ्याची तरतूद यांच्या बळावर हा कळप नावारूपास आला. देशी गाय दूध देत नाही, या समजामागे गायीच्या रक्ताइतकाच तिच्या गव्हाणीचाही दोष असतो, हे या कळपाने दाखवून दिले. नंतर परदेशी वळूंच्या संकराचा पुरस्कार करणारे मणिभाई आधी देशी गायीचे यशस्वी पैदासकार होते, ही बाब त्यांच्यावरील चर्चेत अनेकदा सुटून जाते.

== बायफची स्थापना ==

१९६७ साली मणिभाईंनी भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन ही संस्था स्थापन केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बायफ हे नाव रूढ झाले. गावठी, कमी दूध देणाऱ्या गायीला जर्सी किंवा होल्स्टीन फ्रीजियन वळूच्या वीर्याने गाभण करून तिच्या पोटी अधिक दुधाची कालवड जन्मास घालावयाची, हा कार्यक्रमाचा गाभा होता. मूळ गाय शेतकऱ्याचीच असल्याने नवी गाय विकत घेण्याचा खर्च त्याला करावा लागत नसे.

उणे १९६° सेल्सियस तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठित वीर्यमात्रा ठेवण्याचे तंत्र उपलब्ध झाल्याने वळू गावोगाव नेण्याची गरज उरली नव्हती. अडचण वेगळी होती. गाय माजावर असण्याचा काळ थोड्या तासांचा असतो, आणि तेवढ्या अवधीत तिला चालवत दूरच्या दवाखान्यात नेणे बहुतेकांना जमत नसे. म्हणून बायफच्या केंद्रावरील प्रशिक्षित तंत्रज्ञ निरोप मिळताच शेतकऱ्याच्या दारी जात. रेतनाबरोबर गर्भतपासणी, लसीकरण, चारापिके व आहार यांविषयीचा सल्लाही तोच देई. पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनी प्रारंभीच्या काळात अशा केंद्रांना आर्थिक पाठबळ दिले. नंतर इतर राज्यांतही हे काम पसरले.

== संकरित गायीच्या आहाराचा प्रश्न ==

संकराचे यश वासराच्या जन्मावर संपत नाही. एक लिटर गायीच्या दुधातून साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम व ०.९ ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर जाते. दोन लिटर देणाऱ्या गावठी गायीची ही झीज चरण्यातून बहुधा भरून निघते. पंधरा लिटर देणाऱ्या संकरित गायीच्या शरीरातून मात्र रोज सुमारे १८ ग्रॅम कॅल्शियम जाते. खाद्यातील कॅल्शियमचा बराच भाग शोषला जात नसल्याने प्रत्यक्ष गरज याहून पुष्कळ मोठी असते. गव्हाणीतून ती भागली नाही, तर गाय ती काही काळ आपल्या हाडांतून भागविते.

अहमदनगर जिल्ह्यात हा प्रश्न दोन वेगळ्या रूपांत दिसतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या अवर्षणप्रवण तालुक्यांत जनावरांची मुख्य मदार ज्वारीच्या कडब्यावर असते, आणि कडब्यात स्फुरद फार थोडे असते. स्फुरदाच्या तुटवड्याने जनावर माती, चिंध्या, चामडे, हाडे चघळू लागते. कालवड वेळेवर माजावर येत नाही, गाय वारंवार उलटते. पशुपालक त्याचा दोष बहुधा रेतन करणाऱ्यास देतो.

प्रवरा, मुळा व गोदावरीच्या पाण्यावरील राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, कोपरगाव या भागांत चित्र वरकरणी उलट आहे. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, लोणी येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि उसाबरोबर उसाचे वाढेही मुबलक झाले. गळीत हंगामात हिरवेगार वाढे गव्हाणीत पडते, म्हणून गायीला काही कमी नाही असे वाटते. परंतु वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते व शरीरास मिळू देत नाही. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याचा जो सल्ला या भागात दिला जातो, त्यामागे हेच कारण आहे. शिवाय चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतून पिकास जस्त कमी मिळते, त्यामुळे ती उणीव चाऱ्यातही उतरते.

यावर उपाय म्हणून खनिज मिश्रण (क्षार मिश्रण) आंबोणातून देतात. दुभत्या गायीस साधारणतः दररोज ५० ग्रॅम ही मात्रा सांगितली जाते. त्यात कॅल्शियम व स्फुरदाबरोबर जस्त, तांबे, कोबाल्ट, आयोडीन इत्यादी सूक्ष्म घटक असतात. आंबोणात मीठ घातले की क्षारांचे काम झाले, हा समज खेड्यांत आढळतो. मिठातून केवळ सोडियम व क्लोरीन मिळते. दुसरा समज असा की, मिश्रण दुधावरील गायीलाच द्यावे आणि ती आटली की बंद करावे. भाकड काळात पोटातील वासराची हाडे घडत असतात आणि पुढील वेताची तयारीही याच काळात होते. पावसाळ्यातील कोवळ्या गवतात पाणी जास्त व क्षार तुलनेने कमी, उन्हाळ्यात तर चाराच अपुरा. त्यामुळे कोणत्याही ऋतूत ही गरज संपत नाही. अपवाद विण्यापूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांचा. त्या दिवसांत कॅल्शियमचा मारा केल्यास हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय मंदावते, आणि विताच गाय दुग्धज्वराने खाली बसण्याचा धोका वाढतो. म्हणून त्या काळातील मिश्रण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवितात.

हाडे चघळणारी जनावरे व स्फुरदाची उणीव यांचा संबंध दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड थायलर (१८६७–१९३६) व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत स्पष्ट केला होता आणि हाडांचा चुरा खाऊ घालून तो सिद्धही केला होता. याच थायलर यांच्या नावावरून ज्या रोगजंतूस नाव मिळाले, तो थायलेरिया आपल्याकडील संकरित गायींना गोचीड तापाने ग्रासतो, हा एक योगायोग.

मणिभाईंच्या दृष्टीने पैदास, चारा व आरोग्य ही एकाच कामाची अंगे होती. उरुळी कांचन येथील संशोधन केंद्रात चारापिकांवर काम झाले. दुष्काळातही हिरवा पाला देणाऱ्या सुबाभूळ या झाडाचा प्रसार त्यांनी आग्रहाने केला. १९७२च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरे कशी हातची गेली, हे महाराष्ट्राने पाहिले होते.

== मतभेद व टीका ==

गांधीजींच्या शिष्याने गोसेवेसाठी परदेशी वळूचे वीर्य वापरावे, हे अनेक गांधीवाद्यांस रुचले नाही. देशी वंश शुद्ध राखून सुधारावा, अशी त्यांची भूमिका होती. मणिभाईंचा युक्तिवाद अर्थशास्त्रीय होता. शेतकऱ्याला परवडेल तीच गाय जगेल, आणि दूध न देणारी गाय कायद्याने किंवा श्रद्धेने फार काळ जगणार नाही, असे ते मानत.

टीकेत तथ्यही होते. संकरित गायीस उष्णता कमी सोसते, गोचीड ताप तिला लवकर होतो आणि आहारात हयगय झाली तर तिचे दूध देशी गायीपेक्षा झपाट्याने घटते. वशिंड नीट नसलेले संकरित बैल जुवाखाली कमी पडतात. त्यामुळे नर वासरांचे काय करावयाचे, हा प्रश्न अनुत्तरित राहिला व ट्रॅक्टर आल्यानंतर तो अधिकच बिकट झाला. अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातील डांगीसारखी अतिवृष्टीत टिकणारी जात केवळ दुधाच्या मापाने मोजणे योग्य नव्हते. दुसरीकडे, दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला दर आठवड्यास वा दहा दिवसांस दुधाचा पगार मिळू लागला, तो मुख्यतः या गायींमुळे. ग्रामीण बोलीत होल्स्टीन रक्ताच्या गायीलाही सरसकट जर्सीच म्हणतात, इतकी ती अंगवळणी पडली. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठात गीर, जर्सी व होल्स्टीन यांच्या त्रिवेणी संकरातून फुले त्रिवेणी ही गाय विकसित झाली. तिच्यातील गीरचा अंश पाहता देशी की विदेशी हा वाद वाटतो तितका सरळ नव्हता, असे दिसते.

== इतर कार्य व सन्मान ==

१९८२ पासून गुजरातेतील वांसदा भागात बायफने आदिवासी कुटुंबांसाठी वाडी कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक कुटुंबाच्या हलक्या, उताराच्या जमिनीत फळझाडे आणि कडेने वनवृक्ष अशी त्याची रचना होती. हा नमुना पुढे अनेक राज्यांत वापरला गेला.

मणिभाईंना १९६८ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. १९८२ साली लोकसेवेसाठीचा रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९८३ साली ग्रामविकासात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या उपयोगासाठीचा जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना मिळाला.

== निधन ==

१४ नोव्हेंबर, १९९३ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी मणिभाईंचे निधन झाले. गांधीजींना दिलेल्या वचनानंतर ४७ वर्षे उरुळी कांचन हेच त्यांच्या कार्याचे केंद्र राहिले. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा डॉ. नारायण हेगडे यांनी सांभाळली. बायफचे मुख्यालय पुण्यातील वारजे येथे असून त्या परिसरास डॉ. मणिभाई देसाई नगर असे नाव आहे.