प्रशांतचंद्र महालनोबिस

प्रशांतचंद्र महालनोबिस (२९ जून १८९३ – २८ जून १९७२) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ होते. कोलकाता येथील भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे ते संस्थापक असून, मोठ्या प्रदेशाची माहिती थोड्या पण शास्त्रशुद्ध निवडलेल्या नमुन्यावरून मिळवण्याची पद्धत भारतात त्यांनी रुजवली. जनगणनेला पूरक ठरलेली राष्ट्रीय नमुना पाहणी हे त्यांचे प्रमुख कार्य मानले जाते.

प्रारंभिक जीवन

महालनोबिस यांचा जन्म कोलकात्यातील एका ब्राह्मो कुटुंबात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजमधून १९१२ मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाले. तेथील एका शिक्षकाने त्यांना ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाची ओळख करून दिली. त्याचे खंड त्यांनी मायदेशी परतताना सोबत घेतले व बोटीवरच वाचून काढले. भारतात सुट्टीपुरते आलेले महालनोबिस पुन्हा केंब्रिजला न जाता प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले.

संख्याशास्त्राकडे

प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनान्डेल यांनी कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शारीरिक मापांचा अभ्यास त्यांच्याकडे सोपवला. त्यावरील त्यांचा पहिला निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन समूहांतील अंतर मोजण्याचे जे सूत्र त्यांनी पुढे १९३६ मध्ये परिपूर्ण रूपात मांडले, ते ‘महालनोबिस अंतर’ या नावाने जगभर वापरले जाते. १९३१ च्या डिसेंबरात त्यांनी भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली आणि १९३३ मध्ये ‘संख्या’ हे नियतकालिक सुरू केले.

बंगालमधील तागाची पाहणी

मुंबई इलाख्यासारख्या रयतवारी प्रदेशात गावोगावी तलाठी पिकांची नोंद ठेवीत असे. बंगालमध्ये कायमधारा पद्धत असल्याने शेतसारा जमीनदार भरत. त्यामुळे सरकारला गावपातळीवर अशी नोंद ठेवण्याचे कारण पडले नाही आणि पिकांचे सरकारी आकडे बव्हंशी अंदाजाने भरले जात. ताग हे तेथील मुख्य नगदी पीक होते. त्याच्या लागवडीचा विश्वसनीय अंदाज काढण्यासाठी भारतीय मध्यवर्ती ताग समितीच्या साहाय्याने महालनोबिस यांनी १९३७ मध्ये नमुना पाहणीस आरंभ केला. प्रथम लहान प्रमाणावर पथदर्शी पाहणी करायची, तीतून खर्च व चूक यांचा ताळा घ्यायचा आणि मगच पुढील वर्षीचा व्याप ठरवायचा, असा त्यांचा क्रम होता.

१९४० च्या दशकाच्या आरंभी बंगालमध्ये एकेक शेत मोजणारी संपूर्ण गणनाही झाली. तिच्यासाठी हजारो कर्मचारी घाईने नेमावे लागले. नमुना पाहणीचे काम काही शेकडा माणसांनी केले व तिला संपूर्ण गणनेच्या सुमारे एक-दशांश खर्च आला. तागाच्या प्रत्यक्ष व्यापाराचे आकडे नंतर हाती आले, तेव्हा नमुना पाहणीचा अंदाजच त्यांच्या अधिक जवळचा ठरला. सर्व मोजले म्हणजे अचूक मोजले असे होत नाही, हे या तुलनेने दाखवून दिले.

चूक शोधण्याची योजना

नमुना लहान असल्याने येणारी चूक गणिताने सांगता येते. परंतु माहिती गोळा करणाऱ्याचा निष्काळजीपणा गणितात दिसत नाही. यासाठी महालनोबिस यांनी एकाच प्रदेशात दोन किंवा अधिक स्वतंत्र उपनमुने घेऊन ते वेगवेगळ्या पथकांकडे सोपवण्याची योजना आखली. पथकांचे निष्कर्ष फार भिन्न आले, तर दोष उघड होई. त्यामुळे पाहणीची तपासणी पाहणीतच अंतर्भूत झाली.

१९४३ च्या दुष्काळात बंगालमधील लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर महालनोबिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण कुटुंबांची नमुना पाहणी केली. किती कुटुंबांनी जमीन विकली वा गहाण टाकली, किती जणांची गुरे गेली, कोण निराधार झाले, याचा तीत शोध घेतला गेला.

सुखात्मे यांच्याशी मतभेद

पीक कापणी प्रयोगासाठी शेतातील किती तुकडा कापावा, या प्रश्नावर महालनोबिस आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्यात तीव्र वाद झाला. महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्याचे समर्थक होते. तुकडा लहान असल्यास कडेची रोपे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, असा सुखात्मे यांचा आक्षेप होता. सरकारी प्रयोगांत सुखात्मे यांची मोठ्या आयताकृती तुकड्याची पद्धत रूढ झाली.

जनगणना आणि राष्ट्रीय नमुना पाहणी

१९४१ च्या जनगणनेचे तक्ते युद्धामुळे पूर्ण होऊ शकले नाहीत. तथापि दर पन्नासातील एक चिठ्ठी नमुन्यासाठी राखून ठेवण्यात आली होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबिस तिचे अध्यक्ष व धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव सदस्य होते. देशाचे उत्पन्न काढण्यास लागणारी माहिती दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या जनगणनेतून मिळण्यासारखी नव्हती. कुटुंबाचा खर्च, रोजगार, शेती यांविषयीचे आकडे सातत्याने हवे होते.

त्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीसाठी देशभरातून १,८३३ गावे निवडण्यात आली. या फेरीच्या कामात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचाही सहभाग होता. मात्र नमुना निवडण्यास गावांची संपूर्ण यादी लागते आणि ती जनगणनेतूनच मिळते. उलट, जनगणनेत किती माणसे सुटली हे नमुन्याने पडताळता येते. १९५१ च्या जनगणनेनंतर तशी पडताळणी करण्यात आली. अशा प्रकारे दोन्ही पद्धती परस्परावलंबी ठरल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या नमुना पाहणीविषयक उपआयोगाचे अध्यक्षपदही महालनोबिस यांनी भूषवले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा अवजड उद्योगांवर भर देणारा आराखडा त्यांच्या प्रतिमानावर आधारलेला होता. शेती व उपभोग्य वस्तूंकडे त्यात दुर्लक्ष झाल्याची टीका अनेक अर्थतज्ज्ञांनी केली.

सन्मान आणि अखेरची वर्षे

१९४५ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. १९७० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पुनर्रचना होऊन ती सरकारी संघटनेच्या स्वरूपात आली व संस्थेपासून वेगळी झाली. ७९ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असता महालनोबिस यांचे कोलकात्यात निधन झाले. २९ जून हा त्यांचा जन्मदिन भारतात २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.