पुण्यश्लोक अहिल्याबाई आणि आपले अंत्यविधी



श्रावण वद्य चतुर्दशी ही अहिल्याबाई होळकरांची पुण्यतिथी. इथल्या पंचांगात हाच दिवस भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून येतो आणि आपल्या मुलांचा दर वर्षी गोंधळ होतो. दिवस एकच, महिन्याचे नाव तेवढे वेगळे. घरातल्या श्राद्धतिथींचेही तसेच. सतवास, कन्नौद, खातेगाव या भागात स्थिरावलेल्या आपण मराठी मंडळींनी दहावा-तेरावा बरोबर आणला, तिसऱ्या दिवशीचा उठावना इथल्या शेजाऱ्यांकडून घेतला आणि अस्थी नेमावरला नर्मदामाईच्या स्वाधीन करू लागलो. म्हणजे अंत्यविधीच्या रीती माणसांबरोबर चालतात आणि बदलतातही. त्या बदलणे किती सोपे आणि किती कठीण असते, हे अहिल्याबाईंच्या आयुष्यात जितके दिसते तितके क्वचितच दिसेल. म्हणून यंदा त्यांचे चरित्र या बाजूने सांगत आहोत.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी या गावी माणकोजी शिंदे यांच्या घरी झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचे लग्न झाले. मालेराव आणि मुक्ताबाई ही दोन मुले झाली. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव गेले, तेव्हा अहिल्याबाईंचे वय तिशीच्या आतच होते. मोठ्या घराण्यातील विधवेने सहगमन करावे, यात त्या काळी मान समजला जाई. त्या निघाल्याही होत्या. मल्हाररावांनी त्यांना अडवले. मुलगा गेला, आता सूनही गेली तर या म्हातारपणी आम्ही कोणाकडे पाहावे, अशी त्यांनी विनवणी केली. अहिल्याबाई थांबल्या.

मल्हारराव नुसते विनवून राहिले नाहीत. त्यांनी सुनेच्या हाती काम दिले. हिशेब, पत्रव्यवहार, वसुली, फौजेला लागणारा दारूगोळा, असा कारभार त्या पाहू लागल्या. विधवेला घरात जागा आणि जबाबदारी मिळाली, म्हणून तो निर्णय टिकला असे आम्हाला वाटते.

पुढे १७६६ मध्ये आलमपूर येथे मल्हारराव वारले. तिथे त्यांची छत्री अहिल्याबाईंनी बांधली. वर्षभरातच मालेरावही गेले. तेव्हा राज्याचा कारभार त्यांनी स्वतः हाती घेतला, फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली आणि महेश्वरला राजधानी केली. खासगीचा पैसा आणि दौलतीचा पैसा वेगळा ठेवण्याकडे त्यांचा कटाक्ष होता. दानधर्म होई तो खासगीतून. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला या शिस्तीचे मोल विशेष कळते.

खरगोणच्या दोन सावकार भावांची हकिकत माल्कमने नोंदवली आहे. दोघेही निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा सगळी दौलत सरकारात जमा करायला महेश्वरी आल्या. अहिल्याबाईंनी ती घेतली नाही. नवऱ्यांच्या नावाने लोकोपयोगी काम करा, असे सुचवले. त्या पैशातून खरगोणला नदीवर घाट आणि गणपतीचे देऊळ झाले.

इतका अधिकार असलेल्या या बाईंवर १७९१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. मुक्ताबाईंचा एकुलता मुलगा आधीच गेला होता. आता पती यशवंतराव फणसेही गेले. मुक्ताबाईंनी सती जायचे ठरवले. आईने पायाशी बसून विनवले. लेकीचे म्हणणे असे की तू वृद्ध आहेस, माझे मूल गेले, पती गेला. तुझ्यामागे मी कशी जगू आणि आज आहे तो मान पुढे मला कोण देईल? या बोलण्याला आईजवळ उत्तर नव्हते. नर्मदेच्या काठी चिता पेटली तेव्हा दोघा ब्राह्मणांनी अहिल्याबाईंचे हात धरून ठेवले होते. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतले नाही. पुढे लेकीजावयाच्या स्मरणार्थ सुंदर छत्री बांधून घेतली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांचे महेश्वरी निधन झाले.

सासऱ्याला जमले ते राज्यकर्त्या आईला का जमले नसावे? १७५४ मध्ये अहिल्याबाईंना दोन लहान मुले होती आणि घरच्या वडील पुरुषाचा आधार होता. मुक्ताबाईंपाशी यांतले काहीच उरले नव्हते. विधवेला मान नाही ही समजूत गावोगाव पक्की होती, आणि ती चितेच्या शेजारी उभे राहून एका दिवसात मोडता येत नाही.

अहिल्याबाईंनी काशीचा मणिकर्णिका घाट बांधून घेतला. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये त्यांनी नव्याने उभारले. आपल्यापैकी जे कोणी गयेला आईवडिलांचे पिंड ठेवून आले, ते त्यांनी उभारलेल्या मंदिरातच बसले होते.

आता थोडे आपल्याविषयी. सतीची चाल गेली, पण दुःखाच्या दिवसांत घरच्यांवर रीतीचे ओझे अजून पडतेच. तेराव्याच्या जेवणासाठी मुदत ठेव मोडायला पाचव्या-सहाव्या दिवशी आलेल्या विधवा आम्ही नोकरीत असताना पाहिल्या आहेत. फक्त मुलीच असलेल्या घरी अग्नी कोणी द्यायचा, यावर तिरडी अंगणात असताना वाद झालेलेही पाहिले. त्या वेळी घरची बाई काही बोलू शकत नाही, आणि वडीलधारे मुकाट राहतात.

म्हणून आमची विनंती अशी की हे प्रश्न कोणाच्या घरी दुःख नसताना ठरवावेत. तेराव्याचे जेवण घरच्यांपुरते असावे का, मुलीने अग्नी दिल्यास मंडळाने पाठीशी उभे राहावे का, पतीच्या मागे राहिलेल्या भगिनींना हळदीकुंकवाला मानाने बोलवावे का, हे तीन विषय यंदाच्या पुण्यतिथीच्या सभेपुढे ठेवत आहोत. घरात आजीपासून नातवापर्यंत सर्वांशी बोलून या. मत वेगळे असले तरी सांगा. जे ठरेल ते वहीत लिहून सर्वांनी सही करू, म्हणजे वेळ येईल तेव्हा त्या घराला एकट्याने निर्णय घ्यावा लागणार नाही.