डोळस कलावंत : दादासाहेब फाळके

आज घरोघरी भ्रमणध्वनी आहेत आणि त्या प्रत्येकात एक कॅमेरा आहे. बोटाचा स्पर्श होताच छायाचित्र निघते. ते मनासारखे आले नाही, तर पुसून दुसरे काढता येते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हे काम इतके सोपे नव्हते. जड कॅमेरा, त्याची तिवई, काचेच्या पट्ट्या, अंधारी खोली आणि नाना प्रकारची रसायने एवढा संसार छायाचित्रकाराला सांभाळावा लागे. एक पट्टी फुकट गेली, तर पैसा आणि श्रम दोन्ही वाया जात. म्हणून तो कळ दाबण्यापूर्वी समोरचे दृश्य पुष्कळ वेळ न्याहाळीत असे. अशा न्याहाळण्याची आयुष्यभर साधना करून एका मराठी माणसाने आपल्या देशात चित्रपटकलेचा पाया घातला. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्यासंगी पंडित होते. मुलानेही शास्त्राध्ययन करावे, अशी त्या घराची रीत. परंतु धुंडिराजाचे मन चित्रांत, सोंगांत आणि नाटकांत रमे. वडिलांना मुंबईस अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब तेथे गेले. १८८५ साली धुंडिराज सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाला. तेथे चित्रकलेचे प्राथमिक शिक्षण झाल्यावर तो वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेला आणि तेथील कलाभवनात तैलरंग, जलरंग व मूर्तिकाम शिकला. याच काळात त्याच्या हाती कॅमेरा आला आणि छायाचित्रणाचा छंद जडला.

आधी चित्रकला आणि मग छायाचित्रण, हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. चित्रकाराला कोऱ्या कागदावर प्रत्येक वस्तू स्वतः मांडावी लागते. मुख्य आकृती कोठे बसवावी, तिच्यामागे काय असावे, कोठली जागा मोकळी ठेवावी, प्रकाश कोणत्या बाजूने यावा, याचा विचार केल्याविना त्याचा कुंचला पुढे सरकत नाही. छायाचित्रकाराला सारे तयार मिळते, आणि तेथेच तो फसतो. त्याला वस्तू काढायच्या नसतात, निवडायच्या असतात. काय घ्यावे याइतकेच काय गाळावे, हेही त्याला समजावे लागते.

शिक्षण संपल्यावर फाळक्यांनी रतलाम येथे रंगीत छपाईचे ठसे तयार करण्याची विद्या हस्तगत केली आणि पुढे गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. तोच प्लेगची साथ आली. त्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही दगावली. दुःखाने खचलेले फाळके गोध्रा सोडून बडोद्यास परतले. तेथे त्यांनी पुन्हा व्यवसाय सुरू केला. पण कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, छायाचित्र काढून घेतल्यास आयुष्य घटते, अशी भीती त्या काळी अनेकांच्या मनात होती. गिऱ्हाईक येईनासे झाले. फाळके नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले, जादूचे प्रयोगही शिकले. कोणतीही विद्या त्यांनी हलकी मानली नाही. पुढे चित्रपटात या सर्व विद्या त्यांच्या उपयोगी पडल्या.

१९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई ही त्यांची खरी सहधर्मचारिणी ठरली. १९०३ साली त्यांना पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी लागली. प्राचीन शिल्पांचे छायाचित्र घेणे हे प्रकाशाची पारख करणारे काम असते. समोरून सरळ पडणाऱ्या उन्हात कोरीव काम सपाट भासते. तेच ऊन तिरपे झाले, म्हणजे दगडातील प्रत्येक रेषा उठून दिसते. स्वदेशीच्या चळवळीच्या दिवसांत फाळक्यांनी ही नोकरी सोडली आणि छापखाना काढला. रंगीत छपाईतील नवी यंत्रे पाहण्यासाठी १९०९ साली ते जर्मनीस जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला. पण भागीदारांशी मतभेद होताच ते त्यातून बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, हाती व्यवसाय नाही, अशी त्यांची स्थिती होती.

अशा वेळी, १९११ च्या एप्रिलमध्ये, मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का आणू नयेत, या विचाराने त्यांना पछाडले. मिळेल ते साहित्य जमवून ते अहोरात्र प्रयोग करू लागले. झोप नाही, डोळ्यांना विसावा नाही. परिणामी त्यांची दृष्टीच गेली. ज्याचे सारे जीवन डोळ्यांवर उभे, त्याच्यावर केवढे हे संकट! सुदैवाने वैद्यकीय उपचारांनी आणि चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परत आली, आणि ती येताच फाळके पुन्हा कामाला लागले.

आपली विम्याची पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसा उभा केला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तेथे चित्रपटनिर्मितीचे तंत्र पाहिले, विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि दोन महिन्यांच्या आत ते परतले. आता प्रश्न भांडवलाचा होता. सावकारांना विश्वास वाटावा म्हणून फाळक्यांनी एक युक्ती केली. एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. महिन्याहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण करून त्यांनी अंकुर फुटण्यापासून वेल वाढण्यापर्यंतची सारी क्रिया टिपली. महिन्याची वाढ पडद्यावर एका मिनिटाच्या आसपास घडताना पाहून लोक थक्क झाले. अशा चित्रणात कॅमेरा केसभर हलला, तरी वेल पडद्यावर उडी मारताना दिसते. चौकट स्थिर ठेवणे आणि धीर धरणे या दोन गोष्टींनीच त्या कुंडीतून भारतीय चित्रपटाचा अंकुर वर आला.

त्यानंतर 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटाची तयारी सुरू झाली. स्त्रियांनी चित्रपटात काम करणे तेव्हा अप्रतिष्ठेचे समजत. म्हणून तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या तरुणाने केली. रोहिदास झाला फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र. सरस्वतीबाई दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडण्यास व ती धुण्यास हातभार लावीत. सुमारे सात महिन्यांनी चित्रपट पूर्ण झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. तो मूक होता. पात्रे बोलत नव्हती आणि कॅमेराही बहुधा एकाच जागी उभा असे. तेव्हा राजा कोठे उभा आहे, राणी किती अंतरावर आहे, बालक कोणाकडे पाहत आहे, एवढ्यावरूनच प्रेक्षकाला कथा कळावयाची होती. मांडणी हीच तेथे भाषा होती. पुढे १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांनी आपली चिमुकली कन्या मंदाकिनी हिला कृष्णाची भूमिका दिली आणि आरंभीच तिचा चेहरा व त्यावरील पालटते भाव प्रेक्षकांपुढे आणले. कधी दूर उभे राहावे आणि कधी जवळ जावे, हे त्यांना उमगले होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही छायाचित्रे काढीत असाल. आपल्या जिल्ह्यातील लोणारचे सरोवर एकदा चौकटीत घेऊन पाहा. क्षितिजाची रेषा तिरपी होऊ देऊ नका. चौकटीचे आडवे आणि उभे तीन तीन समान भाग मनाशी कल्पा. क्षितिज बरोबर मध्यावर न ठेवता वरच्या किंवा खालच्या रेषेवर ठेवा, आणि काठावर उभा असलेला एखादा माणूस एका बाजूच्या उभ्या रेषेपाशी येऊ द्या. त्या लहानशा आकृतीमुळे जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीच्या त्या विवराची भव्यता एकदम जाणवेल. चिखलीजवळच्या शेतात कपाशीचे बोंड टिपायचे असेल, तर खाली बसा आणि जवळ जा. बैलजोडी टिपताना तिच्या तोंडापुढे मोकळी जागा सोडा, म्हणजे ती चालत असल्याचा भास होईल. माणसाचे चित्र घेताना त्याच्या डोक्यामागे विजेचा खांब उगवलेला नाही ना, हे आधी पाहा. हे नियम म्हणजे पांगुळगाडा आहे; पाय स्थिरावले की तो आपोआप सुटतो.

दादासाहेबांनी अनेक चित्रपट काढले, अमाप कीर्ती मिळविली आणि ओढगस्तही सोसली. बोलपट आल्यावर त्यांचा काळ मागे पडला. 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट १९३७ सालचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार भारतीय चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च सन्मान मानला जातो. पण त्यांचे खरे स्मारक ती वाटाण्याची कुंडी होय. महिनाभर एका अंकुराकडे टक लावून पाहण्याइतका धीर ज्याच्यापाशी आहे, त्याला सामान्य वस्तूतही नवल सापडते.

स्वाध्याय

१. चित्रकलेच्या शिक्षणाचा फाळक्यांना छायाचित्रणात कोणता उपयोग झाला असेल?
२. वाटाण्याच्या वेलीचे चित्रण करताना कोणते दोन गुण आवश्यक होते?
३. मूकपटात पात्रांच्या मांडणीला विशेष महत्त्व का होते?
४. तुमच्या गावातील एका स्थळाचे सकाळी, दुपारी आणि सायंकाळी छायाचित्र घ्या. प्रकाशामुळे पडलेला फरक दहा ओळींत लिहा.