पक्षिमित्र डॉ. सालिम अली

पद्मविभूषण डॉ. सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एअरगनने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथे सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि मुलाला आयुष्यभराचे वेड लागले.

पुढे ब्रह्मदेशातला घरचा धंदा जमला नाही. मुंबईच्या संग्रहालयातली गाईडची नोकरी आली नि गेली. जर्मनीत शिकून १९३० मध्ये परतले तेव्हा हाताला काम नव्हते. मग पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि झाडावरची घरटी तासन्‌तास पाहत बसले. आपण मराठी माणसे या पक्ष्याला सुगरण म्हणतो, पण विणकाम सारे नराचे! अर्धवट घरटे मादी पाहून जाते, पसंत पडले तरच संसार. तो मार्गी लागला की हे गृहस्थ दुसरे घरटे विणायला घेतात! या निरीक्षणांनी सालिम अलींचे नाव झाले. १९४१ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने तर घरोघरी पक्षिनिरीक्षक तयार केले.

राजस्थानातील भरतपूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी तिथे व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी पडले. योगायोग असा, की तो सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ शेतीसाठी मागितली जाऊ लागली, तेव्हा त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेऊन ती वाचवली.

मात्र एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. भरतपुरात गुरचराई बंद व्हावी, असे त्यांचे मत होते. १९८२ साली बंदी आली, दंगा झाला आणि पोलिसांच्या गोळीबारात गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे सोसायटीच्याच अनेक वर्षांच्या अभ्यासातून दिसले, की म्हशी गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. त्या थांबताच गवत माजले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. स्वतःच्या संस्थापुरुषाच्या मताविरुद्ध गेलेला हा निष्कर्ष सोसायटीने लपवला नाही, हे विशेष.

केरळातील सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणात बुडू नये, म्हणूनही त्यांनी आपले वजन खर्ची घातले. धरण रद्द झाले. २० जून १९८७ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते मुंबईत वारले. जे. पॉल गेटी पुरस्काराचे पैसे त्यांनी आधीच सोसायटीला देऊन टाकले होते.