लाल पेशींचा माग काढणाऱ्या लूसी विल्स



स्मरणिकेसाठी मी डॉ. लूसी विल्स यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं. लोहित रक्तकणिका अस्थिमज्जेत तयार होतात, हे आपण शाळेत पाठ केलं होतं. त्या नीट तयार व्हायला काय लागतं, याचा एक मोठा धागा आपल्या मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत सापडला, हे मला फार उशिरा कळलं.

लूसीबाईंचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्ड इथे झाला. केंब्रिजमध्ये त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. तिथे स्त्रियांना परीक्षेला बसता येई, पण पदवी मिळत नसे. मग लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पण दवाखाना न थाटता त्यांनी प्रयोगशाळा निवडली.

१९२८ मध्ये त्या मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात विलक्षण रक्तक्षय होई आणि कित्येक जणी त्यातच दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या लाल पेशी संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या दिसत. लूसीबाईंनी आधी जंतूंचा संशय तपासला, मग मोर्चा ताटाकडे वळवला. तळपदे या सहकाऱ्यांसोबत त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ज्या घरांत भाज्या, फळं, दूध जेमतेम, तिथे हा आजार जास्त होता.

अ आणि क जीवनसत्त्वांनी गुण आला नाही. मग उंदरांना त्या बायकांसारखाच आहार दिला. उंदीर फिके पडले आणि यीस्ट दिल्यावर त्यांचा रक्तक्षय टळला. पण उंदरांच्या अंगावरच्या उवांतून पसरणाऱ्या संसर्गामुळे या निष्कर्षावर भरवसा ठेवता येईना. तेव्हा त्यांनी माकडांवर नव्यानं प्रयोग केले. आम्ही सॉफ्टवेअरवाले चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलतो. उत्तर मनासारखं आलं तरी पुन्हा तपासतो. ही शिस्त मला त्यांच्या कामात पानोपानी दिसते.

शेवटी उपाय सापडला तो मार्माइटमध्ये. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा हा काळपट, खारट अर्क स्वस्तही होता. तो दिल्यावर रुग्ण बायका सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे त्यांनी दाखवलं, की दुसऱ्या एका रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क इथे निरुपयोगी ठरतो आणि कच्चा अर्क मात्र लागू पडतो. म्हणजे यीस्टमधला घटक वेगळाच होता. त्याला विल्स फॅक्टर म्हणू लागले.

तो घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याचं फॉलिक ॲसिड असं नाव पडलं. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली तो कृत्रिमरीत्या तयार झाला. अस्थिमज्जेतल्या पेशींना विभागण्यासाठी नवा डीएनए बनवावा लागतो. फोलेट कमी पडलं की तो वेळेवर बनत नाही, पेशी वाढतात पण विभागत नाहीत. मुंबईत दिसलेल्या मोठ्या पेशींचं कोडं असं उलगडलं.

लूसीबाई पुढे लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात काम करून १९४७ मध्ये निवृत्त झाल्या. शेवटची काही वर्षं त्या चेल्सीमध्ये नगरसेविकाही होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचं निधन झालं. फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या मज्जारज्जूतले काही जन्मदोष टळतात, हे १९९१ मध्ये एका मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. ते पाहायला त्या नव्हत्या.

माझ्या गरोदरपणात डॉक्टरांनी दिलेली ती छोटी गोळी मी काही न विचारता रोज घेतली. आता आपल्यापैकी अनेकांच्या मुली मोठ्या होत आहेत. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत बंद होते. तोवर पुष्कळ जणींना दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरलं की आधीपासूनच, डॉक्टरांना विचारून, सुरू करायची असते. आपल्या मुलींना हे सांगा, सुनांना सांगा आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना तर नक्कीच सांगा. लूसीबाईंचं संशोधन सुरू झालं ते त्यांच्यासारख्याच कष्टकरी बायकांसाठी.