शब्दाची सम शोधणारा मास्तर

दरबारी गवयाच्या घरात मी वाढलो. बोल चुकीच्या जागी तोडला की वडील गाणे तिथेच थांबवीत. आज माझ्या शिकवणीची मुले इंग्रजी धडा वाचतात, तेव्हा लांब शब्दाचे सगळे तुकडे एकाच वजनाने उच्चारतात. मात्रा भरतात, पण सम सापडत नाही! अशा वेळी मला नोआ वेबस्टर आठवतो. इंग्रजी कोशाच्या पाठीवर ज्याचे नाव आपण वाचत आलो, तोच हा.

वेबस्टरचा जन्म १६ ऑक्टोबर १७५८ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. त्याला येलमध्ये शिकविण्यासाठी वडिलांनी शेत गहाण टाकले. १७७८ साली पदवी घेऊन तो शाळामास्तर झाला. त्या काळी मुलांच्या हाती इंग्लंडच्या डिलवर्थचे पुस्तक असे. त्यात ‘हॅबिट’ हा शब्द ‘हॅ’ आणि ‘बिट’ असा तोडलेला. परंतु इंग्रजीत तुकडा स्वरावर संपला की वाचणारा तो स्वर लांबवतो. मूल ‘हेबिट’ म्हणून बसते.

अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपले त्याच १७८३ साली वेबस्टरने आपले पुस्तक काढले. त्यात ‘ब’ मागच्या तुकड्याला जोडून ‘हॅब्-इट’ केले. ‘क्लस्टर’चे ‘क्लस्’ आणि ‘टर’ केले. तुकडे किती आणि आघात कितव्यावर, याप्रमाणे शब्दांच्या रांगा लावल्या. निवाडा त्याने कानावर सोपविला. १७८५ साली बाल्टिमोर येथे हा गृहस्थ गायनाचा वर्ग चालवीत होता, हे कळल्यावर मला त्याचे नवल वाटले नाही.

निळ्या पुठ्ठ्याचे ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले. १८२८ साली, सत्तरीत, त्याचा सुमारे सत्तर हजार शब्दांचा कोश निघाला. तो महाग होता, फारसा खपला नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी वेबस्टरने राहते घर गहाण टाकले. २८ मे १८४३ रोजी न्यू हेवन येथे तो वारला. पुढे कोशाचे हक्क मेरियम बंधूंकडे गेले.

मुलांना मी एवढेच सांगतो : ‘फोटोग्राफ’चा आघात पहिल्या तुकड्यावर, ‘फटॉग्रफर’चा दुसऱ्यावर, ‘फोटोग्रॅफिक’चा तिसऱ्यावर. टाळी देऊन म्हणा. सम आपोआप सापडते.