बॉडी जुनी, काळीज नवं

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं!

तर झालं असं, गेल्या सेमिस्टरला सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या रूमवर एक वाद पेटला. रूममेट लॅपटॉपवर एक व्हिडिओ बघत होता. अमेरिकेतल्या कुठल्याशा गॅरेजमध्ये १९५०च्या दशकातली शेव्हरोले कॉर्व्हेट आणली होती. बाहेरची बॉडी घासूनपुसून, रंगवून अगदी शोरूममधल्यासारखी केली. पण आतलं जुनं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल सगळं उतरवलं आणि त्या जागी आजच्या जमान्याचं बसवलं. याला तिकडे रेस्टोमॉड म्हणतात. शेजारच्या रूममधला एकजण भडकलाच. त्याचं म्हणणं, ही तर गाडीची हत्या आहे, ओरिजिनल ते ओरिजिनलच. रूममेट म्हणाला, जुनं इंजिन ठेवून ती गाडी नुसती शोकेसमध्ये ठेवायची का? रात्री दोन वाजेपर्यंत हेच चाललं होतं.

मी म्हटलं, बघू या तरी, या गाडीचं ओरिजिनल म्हणजे नक्की काय होतं? शोधायला बसलो (सबमिशन राहिलं ते राहिलंच!) आणि मला एक माणूस सापडला. झोरा आर्कस-डंटॉव्ह. हॉस्टेलवर आपण सचिनलाही अरे-तुरे करतो, तेव्हा झोरालाही तसंच म्हणतो. राग मानू नये.

झोराचा जन्म २५ डिसेंबर १९०९चा, बेल्जियममधल्या ब्रुसेल्सचा. आईवडील रशियन ज्यू. पुढे कुटुंब रशियात परतलं. आईवडील वेगळे झाले आणि आईने डंटॉव्ह नावाच्या गृहस्थांबरोबर संसार मांडला. झोराने दोघांचीही नावं लावली, म्हणून आर्कस-डंटॉव्ह. १९२७ साली सगळे बर्लिनला गेले. तिथे त्याने इंजिनीअरिंग केलं आणि १९३४ साली तो पास झाला. पण ज्यू माणसासाठी तेव्हाचं जर्मनी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

तो पॅरिसला आला. १९३९ साली एल्फी नावाच्या नर्तिकेशी लग्न केलं. तेवढ्यात महायुद्ध सुरू झालं. झोरा आणि त्याचा भाऊ युरा फ्रान्सच्या हवाई दलात भरती झाले, पण १९४०मध्ये फ्रान्सच पडला. जर्मन सैन्य पॅरिसकडे येत असताना एल्फी आपली छोटी एमजी स्पोर्ट्‌स कार घेऊन एकटी बोर्दोच्या दिशेने निघाली. पुढे सगळ्यांची गाठ पडली आणि स्पेन, पोर्तुगाल करत, बोटीने ते न्यूयॉर्कला पोचले. नवा देश, मोडकी इंग्रजी आणि हातात फक्त डिग्री. आपल्याला पहिल्या सेमला हॉस्टेलवर रडू येतं, हे आठवलं की लाज वाटते.

न्यूयॉर्कमध्ये दोघा भावांनी कंपनी काढली, आर्डन. आर्कसमधला 'आर' आणि डंटॉव्हमधला 'डन'. युद्ध संपल्यावर त्यांनी जे बनवलं ते मेकॅनिकलवाल्यांनी नीट वाचा. त्या काळात फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-एट इंजिन अमेरिकेत घरोघरी होतं. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर नसून बाजूला, ब्लॉकमध्येच असत. एक्झॉस्टचे गरम गॅस ब्लॉकमधूनच बाहेर पडत, म्हणून जास्त लोड आला की इंजिन तापायचं. झोराने ब्लॉक तोच ठेवला आणि वरचं हेड बदललं! अ‍ॅल्युमिनियमचं नवं हेड, व्हॉल्व्ह वर, कंबशन चेंबर अर्धगोल. इंजिन जुनंच, पण श्वास मोकळा झाला आणि ताकद वाढली. आमच्या रूमवरचा वाद झोराने तेव्हाच मिटवला होता म्हणायचं.

पण धंदा काही टिकला नाही. तो इंग्लंडला अलार्ड या स्पोर्ट्‌स कार कंपनीत गेला, मग पुन्हा अमेरिकेत आला. जानेवारी १९५३मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचं प्रदर्शन होतं. तिथे त्याने पहिल्यांदा कॉर्व्हेट बघितली. डिझाइन विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांची ती कल्पना. फायबरग्लासची पांढरीशुभ्र बॉडी, दोनच सीट. झोरा बघतच राहिला. पण आत काय? तर घरगुती सेडान गाड्यांवरून घेतलेलं सहा सिलिंडरचं इंजिन, १५० हॉर्सपॉवर आणि दोनच स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. स्पोर्ट्‌स कार आणि हाताने बदलायचा गिअर नाही! दिसायला हिरो, पळायला काका.

झोराने शेव्हरोलेचे चीफ इंजिनीअर एड कोल यांना पत्र लिहिलं. मला इथे काम करायचंय, असा त्याचा सूर. मे १९५३मध्ये तो नोकरीला लागला. लागून वर्षही झालं नव्हतं, तोवर डिसेंबरमध्ये त्याने साहेबांना एक टिपण पाठवलं. त्याचा मुद्दा साधा होता. गाड्या मॉडिफाय करणारी तरुण पोरं फोर्डचीच इंजिनं घेतात, कारण त्यांचे पार्ट सहज मिळतात. ही पोरं उद्याची गिऱ्हाइकं आहेत. शेव्हरोलेचं नवं व्ही-एट येतंय, तर त्याचे ताकद वाढवणारे पार्ट कंपनीनेच द्यावेत. नवखा इंजिनीअर कंपनीच्या धोरणावर बोलतोय! आपल्याकडे वर्कशॉपमध्ये सरांना उलट विचारलं तरी टर्मवर्कचे मार्क जातात.

गाडीचे मात्र हाल होते. १९५३मध्ये ३०० गाड्या बनल्या, १९५४मध्ये ३,६४०, पण त्यातल्या बऱ्याच विकल्याच गेल्या नाहीत. कंपनीत कॉर्व्हेट बंद करायची चर्चा सुरू झाली. त्याच सुमाराला फोर्डने दोन सीटची थंडरबर्ड आणली, तीही व्ही-एट घेऊन. ऑक्टोबर १९५४मध्ये झोराने पुन्हा लिहिलं. आता माघार घेतली तर ती हार दिसेल, गाडी बंद करू नका, सुधारा. १९५५च्या मॉडेलमध्ये ४.३ लिटरचं नवं व्ही-एट आलं, १९५ हॉर्सपॉवरचं, आणि त्या वर्षात तीन स्पीडचा मॅन्युअल गिअरबॉक्सही मिळू लागला. त्या वर्षी गाड्या बनल्या फक्त ७००. पण बॉडी तीच असून काळीज नवं होतं. म्हणजे कॉर्व्हेटचं पहिलं रेस्टोमॉड कंपनीनेच केलं, असं मला वाटतं!

आता ही गाडी पळते हे जगाला दाखवायचं होतं. झोराने गणित मांडलं, ताकद किती कमी पडते ते काढलं आणि नवा कॅमशाफ्ट डिझाइन केला. व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, एवढ्यावर त्याने खेळ केला. जानेवारी १९५६मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर त्याने स्वतः कॉर्व्हेट ताशी १५० मैलांच्या वर नेली. तो 'डंटॉव्ह कॅम' पुढे गिऱ्हाइकांनाही मिळू लागला. त्याच वर्षी टेस्टिंग करताना अपघात होऊन त्याच्या पाठीचा मणका मोडला. पण बिछान्यावर पडून राहणं त्याच्या स्वभावात नव्हतं, तो फ्युएल इंजेक्शनच्या कामात घुसला. १९५७च्या कॉर्व्हेटमध्ये ते आलं. २८३ क्युबिक इंचांच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर. हिशेब पाठ करायला एकदम सोपा!

ड्रायव्हर म्हणूनही तो कच्चा नव्हता. फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत १९५४ आणि १९५५ अशी दोन वर्षं त्याच्या पोर्शेने आपल्या गटात पहिला नंबर काढला. १९६३च्या स्टिंग रेमध्ये मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामागे त्याचाच हट्ट होता. म्हणूनच कल्पना दुसऱ्याची असूनही लोक त्याला कॉर्व्हेटचा बाप म्हणतात. जन्म दिला अर्लने, वाढवलं झोराने.

मग सगळं गोड गोडच झालं का? नाही. झोराचं सर्वांत मोठं स्वप्न वेगळंच होतं. इंजिन ड्रायव्हरच्या पुढे नको, मागे हवं. कारण सरळ आहे. गाडीला ढकलतात मागची चाकं. वजन त्यांच्यावर आलं तर टायरची पकड वाढते, ताकद वाया जात नाही. १९६०मध्ये त्याने अशी एक प्रयोगाची गाडी बांधली, १९६४मध्ये दुसरी, चारही चाकांना ताकद देणारी. त्यानंतरही प्रोटोटाइप झाले, प्रदर्शनांत मिरवले. पण दर वेळी वरून नकार आला. आहे ती गाडी खपतेय, मग खर्च कशाला? हिशेबाने साहेबांचंही चूक नव्हतं. शर्यतींच्या बाबतीतही तेच. १९६३च्या सुमाराला त्याने ग्रॅंड स्पोर्ट नावाच्या हलक्या रेसिंग कॉर्व्हेट बांधायला घेतल्या. ठरवल्या होत्या १२५, वरून हुकूम आला आणि पाचांवर काम थांबलं.

१ जानेवारी १९७५ला तो रिटायर झाला तेव्हाही कॉर्व्हेटचं इंजिन पुढेच होतं. २१ एप्रिल १९९६ला, वयाच्या ८६व्या वर्षी तो गेला, तेव्हाही पुढेच. त्याच्या अस्थी केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीन इथे, कॉर्व्हेटच्या म्युझियममध्ये ठेवल्या आहेत.

आणि जुलै २०१९मध्ये नवी कॉर्व्हेट जगासमोर आली. ६.२ लिटरचं व्ही-एट, ४९० हॉर्सपॉवर, आठ स्पीडचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स... आणि इंजिन ड्रायव्हरच्या मागे! झोरा जाऊन तेवीस वर्षं झाली होती.

यातली एक गोष्ट मला फार आवडली. १९५५च्या त्या पहिल्या व्ही-एटमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यांमधलं अंतर होतं ४.४ इंच. २०२०च्या मॉडेलमधल्या या इंजिनातही ते ४.४ इंचच आहे. व्हिडिओतल्यासारख्या रेस्टोमॉडमध्ये १९९७पासूनची जी एलएस इंजिनं सर्रास टाकतात, त्यांतही तेवढंच. मधे धातू बदलला, कॉम्प्युटर आला, ताकद दुपटीच्या वर गेली, पण हे माप कोणी हलवलं नाही.

म्हणून आमच्या रूमच्या वादात माझं मत आता पक्कं झालंय. जुन्या गाडीत नवं इंजिन टाकणं ही गाडीची हत्या नाही. कॉर्व्हेटच्या बाबतीत तर तीच तिची परंपरा आहे. नवं काळीज मिळालं नसतं तर ती १९५५मध्येच मेली असती आणि आज जपायला काही उरलंच नसतं. फक्त बदलणाऱ्याला त्या गाडीबद्दल झोराइतकी माया हवी, आणि काय हलवायचं नाही तेही कळायला हवं.

शेजारच्या रूमवाल्याला हे सांगितलं. तो अजून ऐकत नाही. वाद चालू आहे, चहा घेऊन या, रूमचं दार उघडंच असतं!